सुलू, तू बाजू घेतली होतीस

सुलू,

परवा घाटावर तुझ्या दशक्रियेला नऊ जण बोलले. प्रवचन संपलं आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे माईक पुढाऱ्यांच्या हातात गेला. दोन्ही पक्षांचे आले होते. कुणी तू आणलेल्या रस्त्याबद्दल बोललं, कुणी शाळेच्या खोल्यांबद्दल. एकानं सुलोचनाच्या ऐवजी सुलभा म्हटलं, मागून कुणीतरी सांगितल्यावर दुरुस्त केलं. सातवा उठला तो म्हणाला, "ताईंचा मोठेपणा असा, की राजकारणात राहूनही त्यांनी कधी कुणाची बाजू घेतली नाही." मंडपात माना हलल्या. तुझा नवरा, माझे दाजी, पुढच्या रांगेत बसले होते. त्यांचीही मान हलली.

शेवटी निवेदकानं विचारलं, अजून कुणाला दोन शब्द बोलायचेत का. मी बायकांमध्ये बसले होते. उठावंसं वाटलं, पण उठले नाही. चारशे माणसांपुढं मी काय बोलणार होते? म्हणून आता घरी बसून तुलाच लिहिते आहे.

त्या माणसाचा राग आला असं नाही. त्याला तुझं चांगलंच बोलायचं होतं. पण तू बाजू घेतली होतीस, मी तिथं होते, आणि त्या दिवशी मी तुझ्यावरच ओरडले होते.

आपण दोघी पिंपरी पेंढारच्या. दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. तू पठारावर, बटाटेवाल्या मोठ्या घरात पडलीस. मी मंचरला, टेम्पो चालवणाऱ्याच्या घरी. तुझ्या सासरी माणसं भरपूर आणि रान भरपूर. माझ्याकडं एक खोली, आणि लग्नानंतर चार वर्षांनी हायवेलगतच्या शीतगृहात निवडीचं काम. निवड म्हणजे गोणपाटावर बसून बटाट्याच्या राशीतून सडका बटाटा वेगळा काढायचा. तो वास लुगड्यातून जात नाही. तू मंचरच्या बाजाराला आलीस की माझ्याकडं यायचीस, नाक न मुरडता माझ्या शेजारी टेकायचीस. हे मी तेव्हाही मनात धरून होते.

मग बायकांना राखीव जागा आल्या आणि तुझ्या घरच्यांनी तुला पंचायत समितीला उभं केलं. निवडून आल्यावर पेढे घेऊन आलीस. मी म्हटलं, "मेंबरबाई, आता आमची कामं करा." तू हसलीस. म्हणालीस, "कसली मेंबर गं. मिटिंगला तुझे दाजी जात्यात, मी सही करते आणि घरी येऊन चहा टाकते." पहिलं वर्षभर तसंच चाललं. तू तक्रार केली नाहीस. पण कागद वाचल्याशिवाय सही करायचं तू हळूहळू बंद केलंस, तेही मला माहीत आहे, कारण अडलेला शब्द विचारायला तू माझ्याकडंच यायचीस.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बबन पडला.

बबन आमच्याकडचा हमाल. शीतगृहात आत मोठमोठ्या खोल्या असतात, त्यात लाकडी फळ्यांचे मजले, एकावर एक. अंगावर गोणी घेऊन त्या फळ्यांवरून चढायचं-उतरायचं, आणि आतली थंडी अशी की बोटं आपली वाटत नाहीत. फळी सरकली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली आला. पाठीचा मणका गेला. मालकांनी, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो, सरळ सांगितलं, "तो आमचा माणूसच नाही. मुकादमानं आणलाय, मुकादमाला विचारा." मुकादम दोन दिवस सापडला नाही. आमच्यापैकी कुणाचंच नाव कुठल्या कागदावर नव्हतं, हे आम्हाला तेव्हा नीट कळलं.

दगडूभाऊ हमालांमध्ये वयानं मोठे. त्यांनी काम बंद केलं. आम्ही निवडीच्या बायकाही उठलो. मागणी साधी होती. बबनचं औषधपाणी, आणि प्रत्येकाला हजेरी कार्ड. एक तिसरी मागणी होती, आत जाणाऱ्याला गरम कोट. ती कुणी फार मनावर घेतली नाही, आम्हीसुद्धा.

पण महिना जूनचा होता. पठारावरच्या शेतकऱ्यांचं बटाट्याचं बेणं सगळं आत. ते बाहेर काढून आठ-दहा दिवस सावलीत पसरावं लागतं, मगच लावता येतं. वर ढग जमायला लागलेले. आम्ही गेटवर बसलो होतो ते शेठच्या दारात, आणि अडले होते ते तुझे मतदार.

चौथ्या दिवशी मी भीमाशंकरच्या एसटीत बसून घोडेगावला आले. गाडीत यात्रेकरूंची दाटी, उभ्यानंच आले. तू पंचायत समितीच्या व्हरांड्यात होतीस. मी म्हटलं, "सुले, चल आणि आमच्यात येऊन बस. मेंबर बसलेली दिसली की शेठ बोलायला येईल."

तू म्हणालीस, "माझ्या घरचंच बेणं आत हाय, शके."

"म्हणून येणार न्हाईस?"

"तसं न्हाई. मी आज तुमच्यात बसले, की उद्या समोरच्या पार्टीचा येऊन शेठच्या खुर्चीशेजारी बसंल. मग संप माझा आणि त्याचा व्हईल. बबनची पाठ कुणाच्या ध्यानात ऱ्हाईल? पुढाऱ्यानं संपात घुसलं की त्याचं असंच व्हतं. दूध डेअरीचा संप आठव, पुढारी भांडत बसले आणि कामगार तसेच ऱ्हायले."

मला ते आठवत होतं. तरी मी म्हटलं, "न बसणं ही बी एक बाजूच हाय. शेठची."

तू कँटीनमधून चहा मागवलास. मी तो न पिता परत आले. आपल्या अख्ख्या ओळखीत तुझा चहा मी तेवढा एकदाच टाकला.

सहाव्या दिवशी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. चाळीसेक जण असतील. त्यांचं म्हणणं, हमाल उचलत नसतील तर आम्ही आमचं बेणं आमच्या खांद्यावर नेतो, आम्हाला कोण अडवतो बघू. आम्ही गेटला हातात हात घालून उभे राहिलो. दोन पोलीस झाडाखाली. समोर महादूआबा, तुझ्याच गावचे, आणि त्यांच्याशी वाद घालणारी मी. आबा मला म्हणत होते, "पोरी, तुजं भांडण शेठशी हाय का माज्याशी?" त्यांचं चूक नव्हतं, आणि त्यामुळं मी आणखी मोठ्यानं बोलत होते.

तेवढ्यात तुझी जीप आली. तू आणि दाजी. तू खाली उतरलीस, पदर खोचलास आणि थेट गेटपाशी आलीस. दगडूभाऊंनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "ताई, तुमी कुणाकडून ते आदी सांगा."

तू म्हणालीस, "माझं बेणं आत हाय. एकशे दहा गोण्या. त्यातली एक बी गोणी, बबनचं आणि तुमच्या कार्डाचं मिटल्याबिगर भाईर येणार न्हाई. हे माझ्या घरचं सांगते. बाकीच्यांचं मी सांगणार न्हाई."

दाजी जीपपाशी होते. त्यांना हे आधी माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा मी पाहिला.

आम्हाला एकदम हलकं वाटलं. आणि मग तू दगडूभाऊंना म्हणालीस, "आता गेट सोडा. ज्याला स्वतःचं स्वतः न्यायचं हाय त्याला नेऊ द्या."

तिथं मी तुझ्यावर ओरडले. "ही कसली बाजू गं? एका हातानं देतीस आणि दुसऱ्यानं काढून घेतीस." बायका ऐकत होत्या, तुझे गाववाले ऐकत होते. दगडूभाऊ तुझ्या शब्दावर बाजूला झाले. ते बाजूला झाल्यावर आम्हीही झालो.

शेतकरी आत गेले. पहिल्यांदा धोतर-पायजम्यातले सात-आठ जण, महादूआबांचा थोरला त्यात होता. अर्ध्या तासानं तो बाहेर आला, खांद्यावर गोणी नव्हती. ओठ काळेनिळे. तो आबांना म्हणाला, "वर चढवत न्हाई राव. फळी हालती पायाखाली." दुसरा एक जण गोणीसकट घसरला होता, फळीला धरून लटकला म्हणून वाचला. तो बाहेर येऊन ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसला. एकूण चार गोण्या निघाल्या.

मग आबा म्हणाले, "मेंबरचंच निघत न्हाई, आणि आपल्याच्यानं निघत न्हाई. चला शेठकडं." आणि चाळीस माणसं शेठच्या ऑफिसात शिरली. आम्ही सहा दिवस बसलो होतो, आम्हाला आत बोलावलं नव्हतं. त्यांना खुर्च्या मिळाल्या.

आठव्या दिवशी मिटलं. बबनला पुण्याला नेलं, तो काठीवर का होईना चालायला लागला. आम्हाला कार्डं मिळाली. कोट मिळाले नाहीत.

मी तुला नंतर कितीदा विचारलं, शेतकरी आत जाऊन असे परत येतील हे तुला आधीच कळलं होतं का? का तुला खरंच दोन्हीकडचं राखायचं होतं आणि ते आपोआप तसं घडलं? तू दर वेळी एकच म्हणायचीस, "मिटलं न्हवं? बास." हे आता मला कधीच कळणार नाही. मला वाटतं तुला कळलं होतं. पण मला तसं वाटावं असं मला वाटतं, म्हणूनही वाटत असेल.

त्या साली तुमचं बेणं सगळ्यात शेवटी लागलं. लावलं आणि पाऊस जो धरला तो पंधरा दिवस उघडला नाही. बेणं मातीतच सडलं. दिवाळीपर्यंत ते रान तसंच पडून होतं आणि येणारा-जाणारा ते बघून जात होता. गावात म्हणायला लागले, मेंबरनं हमालांसाठी घराची माती केली. पुढच्या निवडणुकीत तिकीट दुसरीला गेलं. तू अपक्ष उभी राहिलीस आणि पडलीस. आम्ही हमाल आणि बायका तुझ्यासाठी काय करणार होतो? आम्ही मंचरचे. आमची मतं तुझ्या गणात, म्हणजे तुझ्या मतदारसंघात, नव्हतीच. आपल्यासाठी ज्यानं सोसलं त्याला एक मतसुद्धा देता येत नाही, याचा विचार संपाच्या वेळी माझ्या डोक्यात आला नव्हता. तुझ्या आला असणार. तू तर मतदारयाद्या घेऊन हिंडलेली.

आता मला ते लिहायचं आहे जे मी तुझ्याशी कधी बोलले नाही.

त्या हजेरी कार्डामुळं मी कायम झाले. कायम झाले म्हणून पुढं निवडीवर सुपरवायझर झाले. खुर्ची मिळाली, टेबलावर फोन आला. सात-आठ वर्षं गेली. शीतगृहात आता हमाल बिहारचे होते, ठेकेदारानं आणलेले. त्यांना झोपायला जागा दिली होती मशीनच्या खोलीला लागून, आणि तिथं अमोनियाचा वास सतत. एकाला श्वास घेता येईना म्हणून दवाखान्यात नेलं. बाकीच्यांनी काम थांबवलं. मागणी एवढीच, झोपायला दुसरीकडं जागा द्या.

तुला कुणी कळवलं माहीत नाही. तू एसटीनं आलीस, एकटी. मेंबर नव्हतीस, कुणीच नव्हतीस. गेटवर त्यांच्याशी बोललीस आणि मग निवडीच्या हॉलच्या दारात येऊन उभी राहिलीस. बायका बटाटे टाकून बघायला लागल्या.

"शके, येतीस का भाईर? तुला ही सगळी मानतात. तू आलीस तर बायका येतील."

मी म्हटलं, "रिटायर व्हायला माझी दोन वर्षं ऱ्हायलीत. मला मधी घेऊ नको, सुले."

तू "बरं" म्हणालीस. मला सुनवायला तुझ्याकडं माझंच वाक्य होतं. घोडेगावच्या व्हरांड्यात मीच तुला दिलेलं. तू ते वापरलं नाहीस. माघारी जाऊन गेटबाहेर त्यांच्यात जमिनीवर बसलीस. टीव्हीवरून शिकलेलं तुझं हिंदी ऐकून ती माणसं हसत होती, तूही हसत होतीस. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. मी वहीत डोकं घातलं.

दोन दिवसांनी ठेकेदारानं त्यांना गाडीत भरून परत पाठवलं आणि दुसरे आणले. दुसरेही त्याच जागेत झोपले.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर आपण बोललो नाही. लोकांना वाटलं तू माझ्यावर रुसलीस. तू रुसली नव्हतीस. तुझे दोनदा फोन आले, मीच घेतले नाहीत. मला तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती. हे एवढंच सांगायचं होतं, आणि पुढं तू आजारी पडलीस, मी दर आठवड्याला पठारावर यायला लागले, आपण सुनेच्या बाळंतपणापासून टोमॅटोच्या भावापर्यंत सगळं बोललो, पण हे मात्र मी बोलले नाही.

एकदाच तू विषय काढलास. ओसरीवर बाज टाकली होती, तू उशीला टेकून बसली होतीस. म्हणालीस, "तू म्हणत व्हतीस ते खरं व्हतं. पुढाऱ्यानं बाजू घ्यायला पायजे. पन स्वतःचं काय जाणार असंल तरच. दुसऱ्याच्या जिवावर घेतलेली बाजू म्हंजे नुसतं भाषण."

मी म्हटलं, "ते बेणं तरी तुझ्या एकटीचं कुठं व्हतं? दाजींचं व्हतं, सासूबाईंचं व्हतं. त्यांना इचारलं व्हतंस का?"

तू म्हणालीस, "इचारलं असतं तर न्हाई म्हणले असते."

"मग तू बी दुसऱ्याच्याच जिवावर घेतलीस की."

तू काहीतरी बोलणार होतीस. तेवढ्यात तुझी सून चहा घेऊन आली, नातू मागोमाग आला, आणि ते राहिलं. पुढच्या आठवड्यात तुझी तब्येत बोलण्यासारखी नव्हती. तू काय म्हणणार होतीस, याचा मी तू गेल्यापासून विचार करते आहे.

परवा मंडप उठल्यावर दाजी माझ्याकडं आले. म्हणाले, "शकुताई, तो चुकीचं बोलला."

मी म्हटलं, "तुमी मान हालवलीत."

"माईकपुढं काय करायचं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमाला एक म्हाईत नसंल. मिटल्यावर शेठनं निरोप धाडला व्हता, मेंबरचं बेणं पयलं काढून देतो म्हणून. तिनं न्हाई सांगितलं. म्हणली, माझं शेवटाला काढा. तवा लागण उशिरा झाली. मी महिनाभर बोललो न्हाई तिच्याशी."

"आणि आता?"

ते नदीकडं बघत म्हणाले, "मला इचाराया पायजे व्हतं तिनं. पन मी असतो तर पयलंच काढून आणलं असतं." एवढं बोलून ते पाहुण्यांना निरोप द्यायला गेले.

सुलू, मला हे माहीत नव्हतं. अकरा वर्षं मी समजत होते की तुमचं बेणं आमच्या संपानं सडलं, आणि ते ओझं घेऊन तुझ्या घरी चहा पीत होते. तू एका शब्दानं ते उतरवू शकली असतीस. नाही उतरवलंस. त्याबद्दल मी तुझ्यावर थोडी रागावले आहे, आणि मेलेल्या माणसावर रागावणं बरं नाही हे माहीत असून रागावले आहे.

आज सकाळी तुमच्या गणातल्या नव्या मेंबरचा फोन आला. घाटावर ती तिसरी बोलली होती, ती गोरी, चष्म्याची. हायवेच्या एका खासगी दूध प्लँटमध्ये कॅन धुणाऱ्या बायकांनी कालपासून काम थांबवलंय. तिला तिथून बोलावणं आलंय. म्हणाली, "मावशी, तुम्ही सुलूताईंच्या जवळच्या. पुढाऱ्यांनी अशात पडू नये असं आमचे साहेब म्हणतात. ताई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

मी म्हटलं, "ताई काय म्हणाली असती ते मला न्हाई सांगता यायचं. तुमच्या घरचं दूध कुठं जातं?"

"तिथंच जातं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मग आधी घरी इचार. आणि न्हाई म्हणले तर मला फोन कर, मी येते तुझ्यासंगं."